धन्याची आज्ञा आणि चालकाचा विवेक

बैलजोडीमागे चालण्यात ज्या घरांच्या पिढ्या गेल्या, त्या घरांतील तरुण आज मालमोटार हाकतात, ही बारामती व इंदापूर तालुक्यांत आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखाने, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि भिगवण व इंदापुरावरून जाणारा पुणे-सोलापूर मार्ग ह्या सर्वांस माल वाहणारे हात लागतात. वयाची २० वर्षे पुरी झालेला आणि हलक्या गाडीचा परवाना एक वर्ष बाळगलेला तरुण जड वाहन शिकू लागतो, परवाना मिळवितो, आणि कोणा मालकाच्या दारी उभा राहतो. ह्या पहिल्या धन्यापाशी त्याची जी परीक्षा होते, तिजविषयी आम्ही आज चार शब्द लिहू इच्छितो.

सर्वच धनी कठोर असतात असे आमचे म्हणणे नाही. परंतु कित्येक ठिकाणी नव्या चालकास काय ऐकावे लागते हे वाचकांस ठाऊक आहे. "रात्रीची आणखी एक खेप मार." "दोन टन जास्त गेले तर काय बिघडते?" "टायर अजून महिनाभर चालेल." आणि शेवटी, "जमत नसेल तर चावी ठेव. दारात दहा जण उभे आहेत." कोठे पहिल्या महिन्याचा पगार अडकवून ठेवितात, कोठे परवानाच मालकाच्या पेटीत जातो. अशा वेळी त्या तरुणाच्या मनात प्रश्न उभा राहतो की, ज्याचे अन्न खातो त्याची आज्ञा कोठवर पाळावी?

ह्या प्रश्नास दोन सोपी उत्तरे देण्यात येतात. पहिले असे की, चाकराने सांगितले तसे करावे. दोष असेल तो धन्याच्या माथी. हे उत्तर आम्हांस मान्य नाही, आणि देशाच्या कायद्यासही मान्य नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ११३ वे कलम मर्यादेहून अधिक भार घेऊन गाडी चालविणाऱ्यास जसे मना करिते, तसेच ती चालवावयास लावणाऱ्यासही मना करिते. इतकेच नव्हे, तर चालक स्वतः मालक नसेल तर हा अपराध मालकाच्या माहितीने किंवा आज्ञेने झाला असे न्यायालयास गृहीत धरता येते. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचा दंड २०,००० रुपये, व शिवाय प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा ठरला. कायद्याने एका अपराधात दोन हात पाहिले आहेत. जबाबदारी ही भाकरीसारखी नव्हे की, धन्याने मोठा तुकडा घेतला म्हणजे चाकराच्या वाट्याचा लहान व्हावा.

दुसरे उत्तर असे की, नोकरी सोडून द्यावी. हे बोलणे ज्याच्या घरी दाणे आहेत त्यास सोपे आहे. ज्याने बहिणीच्या लग्नासाठी धन्याकडून उचल घेतली, त्याने काय करावे? उचलीच्या बदल्यात माणूस बांधून ठेवण्यास १९७६ च्या वेठबिगारविरोधी कायद्याने बंदी आहे हे खरे. परंतु तो कायदा त्या तरुणाच्या कानी कोण घालणार? शिवाय तो निघून गेला तर त्याच रात्री त्याच गाडीवर दुसरा कोणी पोर बसतो. संकट टळत नाही, केवळ माणूस बदलतो.

आमच्या मते खरा निवाडा ह्यात आहे: जे आपले आहे तेच मनुष्यास विकता येते. चालक आपले श्रम, आपला वेळ व आपले कौशल्य धन्यास विकतो. कठोर शब्द, शिळे जेवण, उन्हातान्हात तासन्‌तास खोळंबणे हा त्याचा स्वतःचा जाच होय. तो सोसावा की न सोसावा हे ठरविणे त्याच्या हाती आहे. परंतु बारामती-इंदापूर रस्त्याने सायकलवरून शाळेस जाणाऱ्या मुलीचा जीव त्याचा नव्हे, आणि धन्याचाही नव्हे. तो एकास विकता येत नाही, दुसऱ्यास विकत घेता येत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दर सेकंदास सुमारे १७ मीटर जाते. चालकाचा डोळा तीनच सेकंद लागला तर ती ५० मीटर आंधळी धावते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसास ८ तास, आठवड्यास ४८ तास आणि ५ तासांच्या कामानंतर अर्धा तास विसावा असे ठरविले होते. २०२० च्या संहितेनेही दिवस ८ तासांचाच धरिला. ही मर्यादा चालकाच्या सुखासाठी आहे, तशीच ती वाटेवरच्या परक्याच्या जिवासाठीही आहे.

म्हणून नकार द्यावयाचा तो ह्या एका जागी द्यावा, आणि लवकर द्यावा. पहिल्या आठवड्यात शांतपणे दिलेला नकार माणसाची रीत म्हणून ओळखला जातो. वर्षभर मुकाट्याने ऐकून मग दिलेला नकार बंड वाटतो. "जात नाही" एवढेच म्हणू नये. "चार तास झोपून पहाटे निघतो, माल पोहोचवितो" असे म्हणावे. परवाना आपल्यापाशी ठेवावा, खेपांची वही लिहावी, काट्याच्या पावत्या जपाव्या.

धन्याविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. त्याच्या गाडीवर कर्जाचे हप्ते असतात. ऊसतोडीच्या टोळीस त्याने आगाऊ रक्कम दिलेली असते आणि कधी ती टोळी येतच नाही. भाडे टनावर मिळते. त्याच्या डोक्यावरही कोणी धनी आहे. ह्याने त्याचे वागणे समजते; मात्र क्षम्य ठरत नाही.

आता वाचकहो, आपल्याकडे वळू. गळिताच्या हंगामात तोडलेला ऊस पडून राहिला तर वाळतो, वजन घटते, म्हणून बागाईतदार घाई करितो. फडात उरलेल्या मोळ्यांसाठी दुसरी खेप नको म्हणून "घाल वरती" असे कोण म्हणतो? पुष्कळदा आपणच. नव्या चालकावरील दडपणात धन्याच्या आवाजामागे गावाचाही आवाज मिसळलेला असतो. तेव्हा तरुणास केवळ धीर धरण्याचा उपदेश करून आपण मोकळे होऊ शकत नाही. उरलेल्या मोळ्या दुसऱ्या खेपेस जाऊ द्याव्या. गावातील दोन वडीलधाऱ्यांनी त्या मुलासोबत मालकाकडे जाऊन सलोख्याने बोलावे. खऱ्या कारणासाठी ज्याची नोकरी गेली, त्याच्या घरी दुसरे काम लागेपर्यंत धान्य पोहोचते करावे. परक्याच्या जिवासाठी दिलेल्या नकाराचे मोल वीस वर्षांच्या एकट्या पोराने भरावे आणि त्या नकाराने सुरक्षित झालेल्या रस्त्यावरून आपण सर्वांनी फुकट चालावे, हे न्याय्य नव्हे.