घेवड्याचा वेल आणि आपला हंडा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुचरित्राचा १८ वा अध्याय आपल्यापैकी पुष्कळ घरांत रोज वाचतात. कशासाठी वाचतो, ते खरं सांगूया. हंड्यासाठी! आमच्याकडेही तसंच झालं. रस्तारुंदीत दुकानाचा पुढचा भाग गेला, गिऱ्हाईक तुटलं, तेव्हा आम्ही दोघांनी हा अध्याय धरला. पण वाचताना मन सारखं शेवटाकडे पळायचं. वेल उपटला, खणलं, सोनं निघालं. पोथी मिटताना रोज एकच विचार, आमचा हंडा कधी?

आता कथा बघा. वाडीहून कृष्णेपलीकडे औरवाड आहे ना, तेच पोथीतलं अमरापूर मानतात. तिथला ब्राह्मण भिक्षेवर जगणारा. भिक्षा मिळाली नाही की दारच्या घेवड्याच्या शेंगांवर दिवस निघायचा. महाराजांना त्यानं तीच भाजी वाढली. आणि जाताना महाराजांनी तोच वेल उपटून टाकला! बायकोनं आकांत केला. नवरा म्हणाला, देणारा ईश्वर आहे, तू यतींना बोल लावू नकोस. मग वेलाचं मूळ काढायला तो खणू लागला. त्या वेळी खाली काय आहे हे त्याला कुठं ठाऊक होतं? कथा सगळी इथं आहे. हंडा नंतरचा. इतकी वर्षं वाचून ही जागा आमच्या नजरेतून सुटली होती.

आमची लेक मात्र तिसरीकडेच अडकली. "आई, त्या बाईचं काय चुकलं? संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं ते तिलाच बघायचं होतं ना!" आधी राग आला, पोथीत कसल्या शंका काढतेस म्हणून. मग आठवलं. दुकान पाडलं त्या दिवशी हे म्हणाले होते, महाराज बघतील. आणि आम्ही आत जाऊन भांडी आपटली होती. कथा नवऱ्याच्या श्रद्धेची आहे हे खरंच, पण लेकीचा प्रश्नही खोटा नव्हे. तिला एवढंच दाखवलं की शेवटी महाराजांच्या पाया पडायला दोघंही जातात, आणि आशीर्वाद दोघांना मिळतो. रडली म्हणून तिला कुणी दारात ठेवलेलं नाही. लेक गप्प बसली. पटलं की नाही, कोण जाणे.

आमचं दुकान आता मागच्या खोलीत चालतं. हंडा काही निघालेला नाही.

आणखी एक. सोनं घेऊन आलेल्या त्या दोघांना महाराज म्हणाले, हे कुणाला सांगू नका. आणि आपल्या ग्रुपवर काय फिरतंय? "हा अध्याय ११ जणांना पाठवा, धनलाभ होईल"! कृपा करून तो मेसेज पुढं ढकलू नये.

येत्या गुरुवारी सामुदायिक वाचनात १८ वा अध्याय पहिल्या ओवीपासून, सावकाश वाचायचा आहे. नैवेद्याला घेवड्याचीच भाजी आहे. शेंगा निवडायला चार जणी तासभर आधी याव्यात.