भिंतीला कान

भिंतीला कान असतात असे ज्याने प्रथम म्हटले, त्याचे घर मातीचे असणार. आमच्या फ्लॅटच्या भिंतींना ऑइलपेंट दिल्यापासून फक्त तोंड आहे. शब्द टाकला की तसाच परत येतो. "आमटीत मीठ कमी आहे" हे मी एकदाच म्हणतो, पण खोली ते असे काही घोळवते, की ही आतून ओरडते, "कळलं हो! किती वेळा सांगाल?"

यावर बाजारात एक उपाय मिळतो. कापसाचे नाहीतर रेशमाचे तंतू पाण्यात कालवायचे आणि भिंतीवर थापायचे. "म्हणजे वरच्यांच्या खुर्च्या सरकवण्याचा आवाज थांबेल?" मी दुकानदाराला विचारले. "छे हो! तो येणारच. यानं फक्त तुमचा स्वतःचा आवाज कमी घुमेल." दुकानदाराच्या तोंडून इतके मोठे तत्त्वज्ञान मी प्रथमच ऐकले. शांतता हवी असली की आपण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. अस्तर मात्र आपल्याच भिंतीला लावायचे असते.

या विद्येचा मूळ पुरुष वॉलेस सॅबिन. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाचे नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात कुणाचे काहीच कळेना. रिकाम्या गृहात आवाज साडेपाच सेकंद रेंगाळे. पुढचे वाक्य मागच्यावर आदळायचे. सॅबिनने काय करावे? जवळच्या सँडर्स थिएटरातल्या आसनांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज किती वेळात विरतो ते मोजायचे आणि उजाडायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या! त्यातून कळले ते असे, की समोर बसलेला एक श्रोता सुमारे सहा गाद्यांइतका आवाज शोषतो. आवाज शोषण्याचे माप म्हणून सॅबिनने घेतली उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

माणसांचेही हेच तीन प्रकार. आपण म्हणावे, "मुलाला नोकरी लागत नाही हो." ऑइलपेंटवाला लगेच उसळतो, "अहो, आमच्या पुतण्याचं ऐका!" दुसरा निमूट ऐकतो आणि संध्याकाळपर्यंत ते गल्लीभर होते. ही खिडकी. तिसरा निमूट ऐकतो आणि ते तिथेच मुरते. ही गादी. पंचाईत अशी, की बोलणाऱ्याला खिडकी आणि गादी सारखीच वाटतात. दोघांकडूनही परत काही येत नाही. विश्वास कुणावर टाकायचा, हे सॅबिनच्या घड्याळालाही सांगता आले नसते.

आणि गादीचे काय? तंतूंच्या फटींत शिरलेला आवाज नाहीसा होत नाही. घासून घासून त्याची किंचित उष्णता होते आणि ती तिथेच राहते. दुसऱ्यांची दुःखे मुरवणारा माणूस रात्री उशिरापर्यंत कूस का बदलतो, ते यावरून समजावे. त्याला असे गादी करून ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे काय? मला वाटते, थोडा आहे. पण मन मोकळे करून हलक्या अंगाने निघताना दारात थांबून विचारावे, "आणि तुमचं कसं काय चाललंय?" मग मुकाट्याने बसून ऐकावे.

गाद्या झाल्या तरी त्यांना अधूनमधून ऊन दाखवावे लागतेच.