आधी पाणवठा

नवीन गावात उतरलं की आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ रिक्षावाला असो की लॉजवाला, उत्तर ठरलेलं असतं. एक देऊळ, एक बाग, एक सूर्यास्ताची जागा. ती यादी संध्याकाळपर्यंत संपते आणि गाव बघायचं राहून जातं. मी बरीच वर्षं वेगळा प्रश्न विचारत आले आहे: ‘नळ यायच्या आधी तुम्ही पाणी कुठून आणायचात?’ याचं उत्तर कोणी पाठ करून ठेवलेलं नसतं. माणूस जरा थबकतो, आतून आईला नाहीतर आजीला हाक मारतो, आणि पुष्कळदा चपला घालून दाखवायलाच निघतो. हा प्रश्न शक्यतो म्हाताऱ्या बायकांना विचारावा. हंडे त्यांनी वाहिलेले असतात. कुठल्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला चांगलं, कुठलं मचूळ आणि कुठली विहीर चैत्रात आटायची, हे त्यांना अजून आठवतं.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ वाचल्यावर या सवयीला माझ्यापुरता आधार मिळाला. १७१५च्या सुमाराच्या या ग्रंथात दुर्गांविषयी लिहिताना अमात्य बजावतात की, गडाच्या जागी आधी पाणी पाहावं. पाणी नसेल आणि तरीही तिथे बांधणं भाग असेल, तर खडक फोडून टाकी-तळी करावीत. एखादा झरा आहे तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. बांधणाऱ्याने जिथून सुरुवात केली तिथूनच बघणाऱ्यानेही करावी, असं मला वाटतं. पाणी होतं म्हणून वस्ती झाली, देऊळ आणि पेठ त्यामागून आली. त्या क्रमाने चाललं की गाव एकसंध दिसतं. नाहीतर हाती लागतात सुट्या सुट्या इमारती.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी घ्या. बहुतेक लोक तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह बघतात, ओसरीतल्या उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. कान्हेरीला भर पावसात जावं आणि लेण्यांच्या कपाळाकडे बघावं. कातळात अरुंद पन्हळी खोदल्या आहेत. डोंगरउतारावरून घरंगळणारं पाणी त्या अडवतात आणि वळवून दाराशेजारच्या टाक्यात सोडतात. लेण्यामागून लेणं बघत जा, जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं टाकं आहे. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय, आणि ती खोदवून देणाऱ्या दात्यांचे उल्लेख आहेत. सोपारा, कल्याण इथली माणसंही त्या दात्यांत आहेत. चार महिने कोसळणारा पाऊस आणि त्यानंतरचे आठ कोरडे महिने, हा हिशेब त्या डोंगरावर छिन्नीने मांडून ठेवलाय. पन्हळीतून वाहणारं पाणी डोळ्यांनी पाहिलं की मग शंभराहून जास्त लेण्यांचा तो डोंगर माणसांनी गजबजलेला दिसू लागतो. (उद्यान सोमवारी बंद असतं, हे निघण्याआधी लक्षात ठेवावं.)

बारवांना मात्र पाऊस टाळून जावं. फाल्गुन ते वैशाख हा त्यांचा खरा काळ, कारण पाणी खाली जातं आणि एरवी बुडालेल्या पायऱ्या उघड्या पडतात. साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाजवळ बारामोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या काळात ती बांधवली, असं तिथला शिलालेख सांगतो. वरून ती अष्टकोनी दिसते. व्यास पन्नास फूट, खोली एकशे दहा फुटांच्या घरात. पण आकड्यांनी तिची ओळख होत नाही, पायऱ्या उतरायला लागतात. बाहेर ऊन रणरणत असतं आणि दहा-बारा पायऱ्यांतच मानेला गारवा जाणवतो. दाराच्या कमानीतून आत गेलं की आवाज बदलतो, आपलं बोलणं घुमून परत येतं. मुख्य विहीर आणि तिला जोडलेली दुसरी विहीर यांच्या मधोमध, पाण्याच्या वर, खांबांवर कोरीवकाम असलेला छोटा महाल आहे. वर काठावर मोटांच्या जागा अजून ओळखता येतात. धावेवरून बैल खाली उतरायचे, मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची आणि पाणी पाटाने आमराईला जायचं. अशा बारा मोटा एका वेळी चालत असतील तेव्हाचा कुरकुराट, बैलांच्या घुंगरमाळा आणि मोटकऱ्यांची गाणी यांची कल्पना करायला इथे अर्धा दिवस तरी बसावं. दहा मिनिटांत वाकून बघून परतणाऱ्यांची मला मनापासून हळहळ वाटते.

बुऱ्हाणपूरला अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला, १६१५चा कुंडी भंडारा आहे. जमिनीखालच्या बोगद्याने जोडलेल्या विहिरींची ती रांग सातपुड्याच्या बाजूचं पाणी नुसत्या उताराने शहरात आणते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आलं, त्या नळाचे उच्छ्वास आजही काही ठिकाणी रस्त्याकडेला उभे आहेत आणि रोज शेकडो लोक त्यांच्या शेजारून जातात. मालवणला सिंधुदुर्गावर, चहूबाजूंनी खारा समुद्र असताना, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव यांचं पाणी गोडं आहे. किल्ल्याला होडीने जाणाऱ्याने तटबंदीआधी या तीन विहिरी गाठाव्यात.

पाण्यापाशी आणखी एक प्रश्न विचारायला हवा आणि तो अवघड आहे: इथे कोणाला उतरू देत नसत? हा प्रश्न न विचारता केलेलं बारवांचं कौतुक मला अपुरं वाटतं. महाडला बरेच जण रायगडाकडे जाता जाता थांबतात, जेवतात आणि पुढे निघतात. तिथलं चवदार तळं बघायला वाट वाकडी करावी. नगरपालिकेने १९२४ साली ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता, पण दलितांना प्रत्यक्षात पाणी घेता येत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह तळ्यात उतरले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं, आणि तो वाद कोर्टात गेला तो १९३७मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. तळ्याच्या काठाला आज बांधीव पायऱ्या आहेत. त्या पायरीवर उभं राहिलं की पाण्यापर्यंतचं अंतर चार पावलांचं दिसतं. पुण्यातल्या गंज पेठेत फुलेवाड्यात गेलात तर हेही आठवावं, की जोतीरावांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला होता.

आता थोडं व्यवहाराचं. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात ‘बारव कुठे आहे’ असं विचारा, कोकणात ‘बाव’, खानदेश ओलांडलात की ‘बावडी’. एसटीच्या कंडक्टरला वाटेवरच्या अशा जागा ठाऊक असतात. पायात घट्ट बसणारे बूट हवेत. शेवाळलेल्या शेवटच्या पायरीवर पाय देऊ नये आणि एकट्याने तर मुळीच उतरू नये. कमानीत आग्या मोहोळ असू शकतं, म्हणून अत्तर लावून जाऊ नये, धूर आणि आरडाओरडाही नको. घाटावर सकाळी लवकर जावं, पण बायका धुणं धूत असतील किंवा आंघोळी चालल्या असतील तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

अनेक बारवा आज कचऱ्याने भरलेल्या आहेत, आणि गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणचे तरुण गावकऱ्यांना घेऊन त्या उपसून काढत आहेत. तुम्ही ज्या गावी जाल तिथे असं काम चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. चालू असेल तर सहलीतला एक दिवस त्यांना द्या, घमेली उचला. काम नसेल तर निदान त्या आजीने सांगितलेल्या विहिरींची नावं वहीत उतरवून घ्या, कारण मोटेचं पाणी प्यायलेली ही शेवटची पिढी आहे.