पाण्यातले औषध आणि नीतीचा प्रश्न



कोकणात साथीच्या दिवसांत विहिरीत औषध टाकीत. पाण्याला वास येई, वडीलधारी माणसे नाक मुरडीत; पण पटकी टळावी म्हणून सारे ते मुकाट्याने पीत. आज इस्राएलात आपल्या नळाच्या पाण्यातही जंतुनाशक असतेच. मग त्यात प्रश्न तो कोणता?

प्रश्न असा, की हे औषध केवळ जंतूच मारून थांबत नाही. रॉटरडॅमचे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिले की, पाण्यात मुरलेल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्म व त्याच्या जातीचे पदार्थ तयार होतात. असे पाणी वर्षानुवर्षे पिण्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असावा, असे अनेक पाहण्यांत दिसले आहे; मात्र ते निर्विवाद सिद्ध झालेले नाही. अमेरिकेने १९७९ साली अशा चार पदार्थांची मिळून मर्यादा लिटरला १०० मायक्रोग्रॅम ठरविली व पुढे ती ८० वर आणली. आपल्या किन्नेरेतच्या पाण्यात ब्रोमाइड अधिक असल्याने तेथे ब्रोमीनयुक्त पदार्थही होतात.

तर मग, सर्वांना वाचविण्यासाठी, कोणालाही न विचारता, थोड्यांना कदाचित बाधेल असे काही पाण्यात घालणे न्यायाचे आहे काय?

औषध बंद करा, असे म्हणणे सोपे आहे. पण पेरू देशात १९९१ साली पटकी आली, तेव्हा त्या एका वर्षात तीन लाखांवर माणसे आजारी पडली व सुमारे तीन हजार दगावली. तेथे अनेक ठिकाणी पाण्यात पुरेसे क्लोरीन नव्हते. या पदार्थांच्या भीतीने ते घातले नाही, असे काहींनी म्हटले. इतरांच्या मते पैशाची चणचण व नादुरुस्त नळ हीच खरी कारणे होती. कारण काहीही असो, मेले ते बहुतांशी गरीबच. ज्याच्या घरी पाणी उकळायला इंधन आहे, त्याला औषध नाकारणे परवडते. ज्याच्याकडे नाही, त्याला नाही.

म्हणून माझे मत असे की, औषध घालणे न्यायाचे आहे. पण तेवढ्याने पाणी देणाऱ्याचे कर्तव्य संपत नाही. पाणी आधी गाळून घ्यावे, म्हणजे ते पदार्थच कमी होतील. किन्नेरेतच्या पाण्यासाठी एश्कोल येथे २००७ साली गाळण केंद्र सुरू झाले. पाणी वेळोवेळी तपासावे आणि आकडे लोकांपुढे ठेवावेत. ज्याला आपण विचारू शकलो नाही, त्याला निदान सांगणे तरी लागतोच.

जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: हे पदार्थ जरूर कमी करा, पण त्यापायी जंतुनाशनात कसूर करू नका.

पटकीने मेलेला माणूस मोजता येतो. पटकी न झालेला माणूस मात्र स्वतःलाही ठाऊक नसतो. नळाच्या पाण्याला नावे ठेवताना, बंधू-भगिनींनो, त्याचीही आठवण ठेवावी. आणि आठवण ठेवून तपासणीचे आकडे मागायलाही विसरू नये.