‘लोकेशन?’

हायपेरियन नावाचं एक झाड आहे, उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुड नॅशनल पार्कमध्ये. उंची सुमारे 116 मीटर. म्हणजे कुतुबमिनारच्या डोक्यावर आणखी चाळीसेक मीटर. याहून उंच जिवंत झाड अजून कोणाला सापडलेलं नाही. मध्यंतरी रात्री नेटवर भटकताना त्याच्याबद्दल वाचलं आणि सवयीने मित्रांच्या ग्रुपवर लिंक टाकली. तीन ‘वाव’ आले, एक आ वासलेला इमोजी आला आणि मग तो प्रश्न आलाच : ‘लोकेशन?’

गंमत म्हणजे हायपेरियनचं जे काही झालं, ते या एका शब्दामुळेच.

2006 मध्ये ख्रिस ॲटकिन्स आणि मायकेल टेलर या दोघांना ते सापडलं. शोध जाहीर झाला, उंची जाहीर झाली, जागा मात्र मुद्दाम सांगितली नाही. पुढे ती नेटवर फुटली. झाडापर्यंत पायवाट नाही, त्यामुळे लोक रान तुडवत जाऊ लागले. रेडवुडची मुळं त्याच्या उंचीच्या मानाने फारच उथळ असतात. पायांनी माती घट्ट झाली, बुंध्याभोवतीचे नेचे गेले, आसपास कचरा आणि टॉयलेट पेपर साठला. शेवटी 2022 मध्ये पार्कने तो भाग बंदच केला. आता तिथे सापडलात तर 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग.

आणि खालून बघण्यासारखं तिथे काही नाही! हे पार्कवालेच सांगतात. जमिनीवरून उंची कळत नाही आणि बुंधा आजूबाजूच्या कित्येक जुन्या रेडवुडपेक्षा बारीक आहे. लोक झाड बघायला जात नव्हते, आकडा बघायला जात होते.

मी कोड लिहून पोट भरतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त कोड अनोळखी लोकांनी फुकट वाटलेला असतो. ‘वाटल्याने कमी होत नाही’ ही आमच्या धंद्यातली श्रद्धाच आहे, आणि कोडपुरती ती खरीही आहे. फाइलची लाखावी कॉपी पहिलीइतकीच ताजी असते. पण लिंक ज्याच्याकडे बोट दाखवते, ते कॉपी होत नाही. कोणालाही पाठवताना हातातलं काही जात नाही म्हणून वाटतं की कोणाचंच काही जात नाही.

शास्त्रज्ञांना हे आपल्या आधी कळलं. 1999 मध्ये चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं पहिलं शास्त्रीय वर्णन छापून आलं. अशा निबंधात प्राणी कुठे सापडला हे लिहायचं असतं, ते लिहिलं होतं. हौशी पाळणाऱ्यांसाठी पकडणारे तिथे पोचले आणि जिथे ती पहिल्यांदा सापडली, तिथूनच ती संपली. निबंधात एक अक्षर खोटं नव्हतं. 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी सरळ लिहिलं, की दुर्मीळ जिवांचे पत्ते छापू नका. ज्या व्यवसायात छापणं हेच पुण्य, तिथे हे म्हणायला धाडस लागतं.

तर मग गप्प बसावं? इथे माझं मन अडखळतं. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या धबधब्याचं रील व्हायरल झालं, की जुने ट्रेकर हळहळतात : आमच्या वेळी इथे कुणी नसायचं. नसायचं, कारण ठाऊकच नव्हतं. ते कळायला शहरातलं कॉलेज, तिथला ट्रेकिंग ग्रुप, त्यातली एखादी ओळख आणि रविवारची सुट्टी लागायची. माझ्या घरात ‘ट्रेक’ हा शब्द माझ्यासोबतच आला आणि मला रस्ता कुणा दादाने नाही, गुगल मॅपने दाखवला. त्यामुळे ‘गर्दी’ या शब्दात जेव्हा ‘नको ती माणसं’ असा सूर लागतो, तेव्हा मला तो लगेच ऐकू येतो. बरं, ज्यांच्या गावाच्या डोक्यावर तो धबधबा आहे, त्यांना यातलं कुणीच विचारलेलं नसतं.

तरीही नेचे गेले ते गेलेच. सगळ्यांना समान हक्क म्हणून सगळ्यांनी मिळून तुडवलं तर मुळांना फरक पडत नाही.

आयनॅचरलिस्टवर यावर केलेला एक उपाय मला फार आवडतो. तिथे कोणीही दिसलेल्या प्राण्या-वनस्पतींचे फोटो टाकतं. जात धोक्यात असेल तर ते खरी जागा लपवतात आणि नकाशावर 0.2 बाय 0.2 अंशांच्या चौकोनात कुठेतरी ठिपका टाकतात. साधारण वीस किलोमीटरचा झोल! फोटो सगळ्यांना, कुतूहल सगळ्यांना, पत्ता मात्र धूसर. मीही आता असंच करतो. सापडलेली गोष्ट पाठवतो, पत्ता नाही. ज्याला खरंच जायचंय तो फोन करतो, मग आम्ही बोलतो, कधी जा, कुठे पाय देऊ नको, गावात कोणाला विचार. निम्मे तर फोनच करत नाहीत.

पण फोन करायला माझा नंबर असावा लागतो. म्हणजे पुन्हा ओळखच. जुन्या ट्रेकरच्या जागी आता मी दारावर उभा.

म्हणून मला रांग बरी वाटते, वशिला नको. साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात किती माणसं सोडायची ते ठरवून तिकिटं देतात. लोक कुरकुरतात, पण तिकीट देताना तुम्ही कोणाच्या ओळखीचे हे विचारत नाहीत. हायपेरियनच्याच पार्कमध्ये टॉल ट्रीज ग्रोव्ह नावाची राई आहे. तिथेही आधी परवाना काढावा लागतो, तो मोफत आहे आणि एका दिवसाला ठरावीकच मिळतात. मित्राला शेवटी मी त्याची माहिती पाठवली. 1963 मध्ये जगातलं सर्वांत उंच म्हणून जे झाड मोजलं होतं, ते याच राईतलं. त्यावर त्याने विचारलं, ‘आता कितवं आहे?’