न बसणारा पत्रा

एखादी वस्तू तिच्या जागी बसत नाही, तेव्हा दोष वस्तूचा की जागेचा? प्रश्न लहान दिसतो; परंतु पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसविण्याचा खटाटोप ज्याने केला असेल, त्यास त्याचे उत्तर किती फसवे असते हे ठाऊक आहे. आज आम्ही हा प्रश्न एका जुन्या ट्रॅक्टराच्या पत्र्यावरून वाचकांपुढे मांडीत आहो. धर्मपत्रात ट्रॅक्टर कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने थोडा धीर धरावा.

इंग्लंडातील कोव्हेन्ट्री शहरी १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन नावाचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर तयार होत असे. त्याचे पाच लाखांहून अधिक नग बाहेर पडले. त्याचा जनक हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडातील एका शेतकऱ्याचा मुलगा. नांगर ट्रॅक्टराच्या मागे तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलण्याची जी युक्ती आज आपल्या शिवारातही दिसते, ती रूढ करणारा हाच गृहस्थ. १९५३ साली त्याचा धंदा मॅसी-हॅरिस कंपनीशी एक झाला. आणि १९६० साली मद्रासेस स्थापन झालेल्या कारखान्यामार्फत मॅसी फर्ग्युसन हे नाव लाल रंग लेवून आपल्या गावांत आले. म्हणजे हे घराणे आमच्या वाचकांना अगदीच परके नव्हे.

तिकडे आज कित्येक लोक कोठारात गंजत पडलेला असा करडा ट्रॅक्टर बाहेर काढून त्यास पूर्ववत करण्यात वर्षे घालवितात. इंजिन चालू होते, रंगही चढतो. परंतु बॉनेट काही नीट बसत नाही. एका बाजूस बोटभर फट, दुसऱ्या बाजूस पत्र्यावर पत्रा घासतो, आणि शेवटच्या बोल्टाचे भोक समोरच्या भोकापासून अर्धा बोट दूर!

याचे कारण समजण्यास त्या यंत्राची ठेवण पाहिली पाहिजे. या ट्रॅक्टरास मोटारलॉरीसारखा वेगळा सांगाडा नाही. इंजिन, गिअरपेटी व मागील आस ही बोल्टांनी एकास एक जोडलेली असून तोच त्याचा कणा होय. बॉनेट, पुढील जाळी, मडगार्ड ही त्या कण्यावरची केवळ वस्त्रे. ती ब्रॅकेटांच्या आधारे राहतात. बॉनेट तर पुढील टोकास बिजागरीवर कलते. तेव्हा पुढचे ब्रॅकेट केसभर वाकले, तर मागच्या टोकास ते बोटभर दिसावयाचे. इतक्या वर्षांत कधी झाडास धडक बसली असेल, कधी पुढे लावलेल्या ओझ्याने ते वाकले असेल. मडगार्डावर माणसे बसविण्याची आपल्याकडील खोड तर सर्वांस माहीत आहे. तिने पत्रा वाकतो हे खरेच, पण ती जिवावरची खोड आहे, हेही जाता जाता सांगून ठेवितो.

आता न बसणाऱ्या पत्र्याचे घाईचा माणूस काय करितो? तो पहार घालून पत्रा ओढतो आणि तणावातच बोल्ट आवळतो. पत्रा बसला असे दिसते. परंतु यंत्राचा थरकाप रात्रंदिवस त्या ताणलेल्या जागी काम करीत असतो, आणि काही महिन्यांनी बोल्टाच्या भोकापासूनच चीर निघते. दुसरा मनुष्य गोल कानस घेऊन भोकच लांबट करून टाकितो. तिसरा सर्वांत हुशार. तो फटीत लांबी भरतो, घासून गुळगुळीत करितो व वर चकचकीत रंग मारितो. यहेज्केल संदेष्ट्याच्या १३व्या अध्यायात कच्च्या भिंतीला लेप फासणाऱ्यांची गोष्ट आली आहे, तिची येथे आठवण होते. तेथे पाऊस भिंतीची परीक्षा घेतो. येथे ती इंजिनाचा कंप घेतो. लांबीचे ढलपे सुटून पडतात, आणि खालचा गंज पूर्वीपेक्षा पुढे गेलेला असतो, कारण इतके दिवस तो कोणास दिसतच नव्हता.

जाणता कारागीर यांपैकी काहीच आधी करीत नाही. तो प्रथम सर्व बोल्ट सैल करितो. मग आधार देणारे ब्रॅकेट गुण्यात आहेत की नाहीत ते पाहतो: दोन्ही कर्ण मोजतो, ते सारखे भरले तर चौकट सरळ, न भरले तर वाकडी. वाकडे ब्रॅकेट काढून सरळ करितो. झिजलेली रबरे बदलतो, जेथे उणे तेथे वॉशर घालतो. सर्व पत्रे रंगाविना एकदा जागेवर चढवून पाहतो. बोल्ट सगळे हातानेच लावतो आणि मग एक इकडचा, एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळीत जातो. एकच बोल्ट आरंभी पुरता आवळला की बाकीचे सारे त्याचे दास होतात. फर्ग्युसन ट्रॅक्टराबरोबर जो पाना मिळत असे त्याच्या दांड्यावर इंचांच्या खुणा असत. ज्याने आवळावयाचे त्यानेच आधी मोजावयाचे, ही सोय आम्हांस फार आवडली.

यावरून पत्रा नेहमीच निर्दोष असतो असे कोणी समजू नये. जुन्या यंत्रासाठी आज नव्याने ठोकलेले पत्रे विकत मिळतात. त्यांतील काही मुळापेक्षा पातळ असतात व काहींची भोकेच चुकलेली असतात. अशा वेळी कानस हाती घेणे हे पाप नव्हे. आमचा वाद कानशीशी नाही, तिच्या क्रमाशी आहे. चौकट मोजण्यापूर्वी जो पत्रा कापतो, तो वाकड्या चौकटीच्या मापाने चांगला पत्रा कायमचा बिघडवितो. मग पुढे कोणी चौकट सरळ केलीच, तर तो पत्रा तेथेही बसत नाही.

आणखी एक गोष्ट. फट मुळीच नको असे म्हणणारेही आहेत. हे ट्रॅक्टर कारखान्यातून निघाले तेव्हाही त्यांच्या फटी आरशासारख्या नेमक्या नव्हत्या; ते शेतासाठी होते, प्रदर्शनासाठी नव्हते. पत्र्यास पत्रा भिडला की कंपाने रंग घासला जातो आणि तेथेच गंज धरतो. काही अंतर हवेच. किती, हे मात्र ज्याने त्याने समजून घ्यावे लागते, आणि येथे आमच्यापाशी नियम नाही.

हे सर्व आम्हांस एका मंडळीच्या बैठकीवरून सुचले. गाव सांगत नाही. तेथे नव्यानेच बाप्तिस्मा घेतलेले एक कुटुंब सकाळच्या उपासनेस येत नसे. त्यांचा धंदा शेळ्या राखण्याचा. शेळ्यांना रविवार कळत नाही; सूर्य वर आला की त्यांना रानात न्यावेच लागते. वडील मंडळींतील एक जण म्हणाले, "ह्यांना प्रभूपेक्षा शेळ्या प्रिय आहेत." दोनदा समज दिली होती, तेव्हा आता नावे पटावरून काढावी असा ठराव आला. आम्ही त्या बैठकीस पाहुणे म्हणून होतो. आमचे मत विचारले, आणि सांगण्यास लाज वाटते, पण आम्हीही मान हालविली. शिस्त म्हणजे शिस्त, असे काहीसे बोललोही.

तेव्हा मागे बसलेल्या शाळामास्तरांनी विचारले, "आठाची वेळ ठरविली कोणी?" कोणास सांगता येईना. जुनी वही काढली. फार वर्षांपूर्वीच्या मिशनरी साहेबांना दुपारी दुसऱ्या गावी उपासना घ्यावयाची असे, म्हणून त्यांच्या सोयीने ती वेळ ठरली होती, एवढेच तीत निघाले. साहेब गेले, त्यांचे घोडे गेले, दुसऱ्या गावी स्वतंत्र पाळक आले. आठ वाजले ते तसेच राहिले. आम्ही एका माणसाच्या प्रवासाच्या वेळापत्रकास देवाची चौकट समजून तिच्या मापाने माणसे कापावयास बसलो होतो!

ठराव मागे घेतला. आता तेथे महिन्यातून दोन रविवारी उपासना दिवेलागणीनंतर होते, आणि ते कुटुंब येते. सकाळची सवय असलेल्या दोन-तीन म्हाताऱ्यांची कुरकुर आहे. अंधारात वाट दिसत नाही ही त्यांची तक्रार खरी आहे, आणि तिची तोड अजून निघालेली नाही. त्या कुटुंबातील थोरला मुलगा मात्र संध्याकाळीही येत नाही. त्याच्यासाठी वेळेची सबब उरलेली नाही. पाळक त्याच्याकडे दर आठवड्यास रानात जातात, शेळ्यांमागून त्याच्याबरोबर चालतात आणि परत येतात.