वाड्यावरचा कुत्रा वाड्यावरच

गोव्यात कुत्र्यांसाठी झटणाऱ्या संस्थांचे कौतुक होते ते बहुधा एकाच गोष्टीवरून. रस्त्यावरचे मरायला टेकलेले पिल्लू उचलले, त्याची खरूज बरी केली, त्याला घर मिळाले. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी छापता येतात, बघणाऱ्याचे डोळे पाणावतात, देणगीही येते. या कामाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण प्राणिकल्याणाचा हा सर्वांत दिसणारा भाग सर्वांत छोटाही आहे, आणि त्यालाच मुख्य काम समजण्याची सवय पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांना महागात पडते. कुत्रा वाचवायचा तो शक्यतो जिथे आहे तिथेच: लस टोचून, निर्बीजीकरण करून, वाड्यातल्या माणसांना त्याची जबाबदारी घ्यायला लावून. उचलून नेणे आणि नवे घर शोधणे हा अपवादाचा उपाय आहे. तो जपून वापरला तरच खऱ्या गरजूच्या वाट्याला येतो.

आधी पिल्लांचा हिशेब करू, कारण दया सर्वांत आधी पिल्लांचीच येते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमध्ये पाच वर्षे मोकळ्या कुत्र्यांच्या विणींची नोंद ठेवली. 95 विणींतली 364 पिल्ले त्यांनी पाहिली. त्यांतली प्रजननाच्या वयापर्यंत, म्हणजे सुमारे सात महिन्यांपर्यंत, जगली फक्त 19 टक्के. आणि मेलेल्यांपैकी 63 टक्क्यांच्या मरणात माणसाचा हात होता: गाडीखाली येणे, विष, मारहाण, आईपासून उचलून नेणे. 2016 साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास बंगालचा असला तरी गोव्यातल्या रस्त्यांवर चित्र फार वेगळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. आता दत्तक देण्याचे गणित या आकड्यांसमोर ठेवा. एका कुत्रीला एका विणीत पाच-सहा पिल्ले होतात. एखाद्या कार्यकर्त्याने जिवाचे रान करून त्यांतल्या दोघांना घर मिळवून दिले, तोवर तीच कुत्री पुन्हा गाभण असते. तिच्यावर वेळीच केलेली एक शस्त्रक्रिया जेवढी पिल्ले मरणापासून वाचवते, तेवढी वर्षभराची धावपळ वाचवू शकत नाही. फरक इतकाच, की जी पिल्ले जन्मालाच आली नाहीत त्यांचा फोटो काढता येत नाही.

दुसरा मुद्दा या कुत्र्यांच्या मालकीचा. गोव्यातल्या खेड्यातला मोकळा कुत्रा बेवारस असतोच असे नाही. डिचोली तालुक्यात मये, नार्वे, लाटंबार्से या बाजूला कुत्रा एका घरच्या अंगणात निजतो, दुसऱ्या घरी भात-हुमणाचे उरलेसुरले खातो, रात्री कुळागराच्या वाटेवर रानडुकराचा माग लागला की भुंकतो आणि दिवसा बाजारात फिरतो. कोणाचा म्हणून विचारले तर वाड्याचा. पेडण्याच्या किनाऱ्यावर, हरमल, मांद्रे, मोरजी, केरीला, कुत्र्याचे घर म्हणजे शॅक. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाहुण्यांच्या ताटातले खाऊन तो गुबगुबीत होतो. पावसाळ्याच्या तोंडावर शॅक मोडले जातात आणि चार महिने त्याला विचारणारे कोणी उरत नाही. याच दिवसांत जखमांत अळ्या पडतात, गोचिडांचा ताप येतो, भुकेली टोळकी गावात शिरतात. तेव्हा या दोन तालुक्यांचा प्रश्न सारखा नाही. डिचोलीत मालकी आहे, पण तिच्यासोबतची जबाबदारी कोणी मानत नाही. पेडण्याच्या किनाऱ्यावर प्रेमही आहे, पण ते हंगामी आहे. दोन्हीकडे कुत्रा उचलून नेल्याने मूळ दोष तसाच राहतो, आणि रिकाम्या जागी दुसरा कुत्रा येऊन बसतो, कारण अन्न तिथेच असते.

जागेवरच केलेल्या कामाने काय साधते याचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. मिशन रेबीज ही संस्था, राज्याचे पशुसंवर्धन खाते आणि आरोग्य यंत्रणा यांनी 2013 ते 2019 या काळात गोव्यात जे केले ते 2022 मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सविस्तर आले आहे. लस देणाऱ्यांची पथके गल्लोगल्ली हिंडली. घरचा कुत्रा मालकाने धरून दिला, मोकळा असेल तो जाळी टाकून धरला, लस टोचून, रंगाची खूण करून तिथेच सोडला. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईलवर झाली, म्हणजे कोणता वाडा राहिला ते त्याच संध्याकाळी कळे. वर्षाला 95 हजारांहून अधिक कुत्रे, 70 टक्के लसीकरण, दरवर्षी सुमारे दीड लाख मुलांना शाळेत जाऊन शिक्षण. कुत्र्यांमधले रेबीजचे प्रमाण 92 टक्क्यांनी घटले आणि माणसांचे मृत्यू थांबले. 2021 च्या जूनमध्ये मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी गोवा रेबीजमुक्त झाल्याचे जाहीर केले. घोषणेचा उत्साह समजू शकतो, पण 92 टक्के म्हणजे शंभर नव्हे. विषाणू अजून फिरतो आहे, आणि दोडामार्ग-बांद्याकडून येणाऱ्या कुत्र्याला पत्रादेवीच्या नाक्यावर कोणी अडवत नाही. पेडणे आणि डिचोली हे राज्याच्या उत्तर सीमेवरचे तालुके. इथले लसीकरण ढिले पडले तर गोव्याची सगळी मेहनत याच दारातून वाहून जाईल.

70 टक्क्यांचा हा आकडा टिकवण्याची अडचण समजून घेतली की बाकीचे आपोआप उलगडते. लस टोचलेले कुत्रे मरतात, न टोचलेली पिल्ले जन्मतात, आणि वर्षभरात टक्केवारी घसरते. म्हणून मोहीम दरवर्षी करावी लागते. जिथे निर्बीजीकरण झाले आहे तिथे ही घसरण मंदावते, कारण तेच ओळखीचे, लस घेतलेले कुत्रे अनेक वर्षे जागा धरून राहतात. उलट जिथून कुत्रे उचलले जातात तिथे लस घेतलेले जातात आणि न घेतलेले येतात. वाड्यावरचा म्हातारा, कान कापलेला, दुपारभर लोळत पडणारा कुत्रा आळशी दिसतो खरा. पण साथीच्या विरोधात गावाने बसवलेला तो पहारेकरी असतो.

यावरचा पहिला आक्षेप सरळ आहे: एवढे सव्यापसव्य कशाला, सगळ्यांना निवाऱ्यात घाला. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरासाठी असाच आदेश दिला होता. अकरा दिवसांनी, 22 ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळून बाकीचे निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावेत. कायद्याचा कीस बाजूला ठेवून नुसती बेरीज करू. गोव्यातले पन्नास हजार कुत्रे निवाऱ्यात ठेवायचे ठरवले आणि एका कुत्र्याच्या खाण्याला दिवसाला चाळीसच रुपये धरले, तरी रोजचे वीस लाख, वर्षाचे 73 कोटी होतात. जागा, पशुवैद्य, सफाई वेगळी. शिवाय गर्दीच्या निवाऱ्यात पार्व्हो आणि डिस्टेंपर हे साथीचे रोग शिरले की पिल्लांच्या मरणाची रांग लागते. मग खर्च परवडेना म्हणून कुत्रे मारण्याची जुनी वाट आठवते. ती वाटही आपण चालून पाहिली आहे. मुंबईत 1832 साली शिपायांनी कुत्रे मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. त्यानंतरही मारणे दीडशेहून अधिक वर्षे चालू राहिले, आणि 1994 मध्ये महापालिकेने ते थांबवून निर्बीजीकरणाकडे वळायचे ठरवले तेव्हा कुत्रे होते तिथेच होते. त्याच 1994 मध्ये जयपूरमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात 2002 पर्यंत जवळपास 25 हजार कुत्र्यांवर काम झाले. मोहिमेच्या भागात संख्या 28 टक्क्यांनी घटली आणि माणसांतला रेबीज शून्यावर आला.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि प्राणिप्रेमी मंडळी त्याला नीट उत्तर देत नाहीत अशी माझी तक्रार आहे. लस टोचलेला कुत्राही चावतो. शाळेतून येणाऱ्या पोराच्या पोटरीचा लचका तुटला की त्याच्या आईला रेबीजची आकडेवारी ऐकवणे हा निर्दयपणा आहे. तिच्या भीतीचा मान ठेवूनच पुढे बोलले पाहिजे. जयपूरच्याच 2013 मधील अभ्यासात निर्बीजीकरण झालेल्या भागात कुत्रे चावण्याच्या घटना कमी झालेल्या दिसतात, आणि कारणही कळण्यासारखे आहे. पिल्लांपाशी जाणाऱ्यावर धावून जाणारी आई आणि माजाच्या दिवसांत एका मादीमागे भांडणारी टोळी, हे चावण्याचे दोन मोठे प्रसंग शस्त्रक्रियेने टळतात. उरतात ते माणसाने घडवलेले: दिवसभर साखळीला बांधलेला आणि चुकून सुटलेला घरचा कुत्रा, दगड मारून चिडवलेला, खातेवेळी डिवचलेला. तिथे शिकवायचे आहे ते मुलांना आणि मालकांना. आणि जो कुत्रा विनाकारण वारंवार हल्ला करतो त्याला वाड्यावर ठेवण्याचा हट्ट धरू नये. त्याला तिथून हलवायला 22 ऑगस्टच्या आदेशातही वाट ठेवलेली आहे. तसे केले नाही तर शंभर निरुपद्रवी कुत्र्यांवरचा गावाचा विश्वास उडतो.

मग दत्तक देणे आणि शिकवणे यांची जागा कोणती? पहिले म्हणजे ज्यांना रस्त्यावर राहताच येत नाही ते: अपघातात पाय गेलेले, आंधळे, आणि हौसेने घेऊन नंतर सोडून दिलेले जातिवंत. हस्की आणि लॅब्राडॉर कोकणाच्या उकाड्यात रस्त्यावर टिकत नाहीत. पाळीव प्राणी सोडून देणे हा 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या खेपेचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे म्हापशाच्या बाजारात एका चहा-भजीचे पैसे. दुसरे म्हणजे शिकवण्याला वयाची अट आहे. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की पिल्लू माणसांत रुळण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात असतो. त्या काळात माणसाचा हात, गाडीचा आवाज, अनोळखी पाहुणा या गोष्टी सवयीच्या झाल्या तर पुढे अर्धी भांडणे होत नाहीत. म्हणून पिल्लाला आठ आठवडे आईजवळ ठेवावे, पण त्याच दिवसांत त्याला हाताळावे, आणि दूध तुटताच आईची शस्त्रक्रिया करावी. मोठ्या कुत्र्यालाही शिकवता येते, वेळ जास्त लागतो. भद्रांच्याच गटाचा 2017 मधला प्रयोग सांगतो, की मोकळे कुत्रे अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला शिकतात ते खाऊपेक्षा वारंवार कुरवाळल्याने. काठीने शिकवणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे. पण मांद्र्याच्या वाळूत चार वर्षे मोकळा हिंडलेला कुत्रा पणजीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोंडला, तर तो दारे ओरबाडतो, शेजारी तक्रार करतात आणि महिन्याभरात परत येतो. याला सुटका म्हणायचे धाडस मला होत नाही.

आणखी एक टोमणा ऐकू येतो, की हे सगळे गोऱ्यांचे नाहीतर शहरी रिकामटेकड्यांचे खूळ. आसगावचे हिक्स प्रशिक्षण केंद्र परदेशी पुढाकारातून उभे राहिले हे खरे, पण तिथे शस्त्रक्रियेचे धडे घेतात ते प्रामुख्याने भारतीय पशुवैद्य. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात हे साखळीच्या दत्तमंदिरात जाणाऱ्याला कोणी परदेशी माणसाने सांगितलेले नाही. टोमण्यात तथ्य एवढेच, की निवारे आणि दवाखाने बार्देशच्या किनारपट्टीत एकवटले आहेत, कारण देणगीदार तिथे राहतात. इब्रामपूरच्या किंवा वन-म्हावळिंग्याच्या कुत्र्याचा पाय मोडला तर त्याला घेऊन जाणारी गाडी शोधण्यातच दिवस जातो. म्हणून हे काम देणगीवर सोडू नये असे माझे ठाम मत आहे. पंचायत गटार उपसते, डासांवर फवारणी करते, त्याच रांगेत वाड्यावरच्या कुत्र्यांची वर्षातून एकदा मोजणी, लस आणि निर्बीजीकरण यांचा खर्च बसायला हवा. शॅकचा परवाना देतानाच त्या जागेवरच्या कुत्र्यांच्या लसीची आणि पावसाळ्यातल्या खाण्याची सोय मालकावर टाकता येईल. नफा हंगामाचा आणि भूक गावाच्या वाट्याला, ही विभागणी न्याय्य नाही.

‘जागेवरच ठेवा’ हा नियम जिथे मोडावाच लागतो अशा जागाही आहेत. 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातले कुत्रे हलवून परत तिथे न सोडण्यास सांगितले. सगळा आदेश मला पटत नाही, पण रुग्णालयाच्या आवाराबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. पेडण्यात याहून अवघड जागा म्हणजे मोरजी आणि मांद्र्याचा किनारा. तिथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, वनखाते घरट्यांना कुंपण घालते, आणि रात्री कुत्रे वाळू उकरतात. निर्बीजीकरण झालेला कुत्राही अंडी खातो. लस त्याला त्यापासून परावृत्त करत नाही. इथे कुत्र्याला मूळ जागी सोडणे म्हणजे एका प्राण्याच्या प्रेमापोटी दुसऱ्याचा बळी देणे. म्हणून कार्यकर्त्यांजवळ जी मोजकी घरे आहेत, जे मोजके प्रशिक्षक आहेत, ते आधी या पट्ट्यातल्या कुत्र्यांसाठी राखून ठेवावेत: तरुण आणि माणसाळलेल्यांना आतल्या गावांतली अंगण असलेली घरे, उरलेल्यांना शॅकमालकांच्या खर्चाने किनाऱ्यापासून दूर, रात्री बंद राहणारी जागा. हे सगळे कासवे यायच्या आत, पाऊस ओसरता ओसरता व्हायला हवे. नेमके तेव्हाच शॅकवाले बांबू उतरवत असतात, आणि पहिले पाहुणे पहिल्या कुत्र्याला हातातले पाव घालत असतात.